नाव नसलेला डबा

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. माझ्याजवळ उभं राहून न शिंकता परत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि याचा मला पुरेपूर अभिमान आहे. मी एक जुनं मिरची कांडप यंत्र आहे. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात माझा मुक्काम असतो. बायका 'कांडपावर जाऊन येते' म्हणतात ना, ते कांडप म्हणजे मी.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. खाली लोखंडी उखळ, वर पोलादी मुसळं, बाजूला मोटार आणि पट्टा, एवढाच माझा देह. रूपानं मी यथातथाच आहे. पण मोटार सुरू झाली आणि माझी मुसळं धाडधाड पडू लागली, की पहिल्या मजल्यावरच्या कपबशा हलतात. तुमच्या ओट्यावर मिक्सर नावाचं जे किरकोळ यंत्र आहे, ते मसाला कापतं. मी मसाला कुटतो. यातला फरक मला विचारू नका, आमटीला विचारा.

मला विकत घेणाऱ्या बाईचं नाव द्वारका. तिचं सासर लोणी काळभोरचं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं, आणि नवरा अपघातात गेला. वर्षश्राद्ध उरकल्यावर दीर रावसाहेब अंगणात उभे राहून म्हणाले, "वहिनी, आता तुमचं हितं काय हाय?" खरं तर होतं. नवऱ्याच्या वाट्यावर तिचा कायद्यानं हक्क होता. पण ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. कपड्यांची पिशवी उचलून ती विश्रांतवाडीत धाकट्या बहिणीकडे आली.

पुढची किती तरी वर्षं ती मंडईजवळच्या एका मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडत होती. हातांची आग आग व्हायची. घरी जाऊन ती खोबरेल तेल चोळायची आणि सकाळी पुन्हा पोत्यापुढे बसायची. त्या हातांनीच तिनं हा गाळा घेतला आणि मग मला आणलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्या उखळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता आपण दोघं. कुणाच्या अंगणात उभं राहायचं नाही."

मित्रांनो, यंत्राला गहिवर येत नाही असं तुम्हांला शाळेत शिकवलं असेल. चूक शिकवलं आहे.

चैत्र-वैशाख हे माझे राजेपणाचे महिने. गच्चीवर वाळवलेली ब्याडगी, रंगाची आणि तिखटाची वेगवेगळी मिरची, तेलावर परतलेले धने, दगडफूल, खोबरं, सगळं डब्यांतून माझ्याकडे यायचं. रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत जायची. कोण गोडा मसाला करून न्यायचं, कोण कांदा-लसणाचा. प्रत्येक बाई आपलं कांडप होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून उभी राहायची, कारण आपल्या मसाल्यात दुसरीचा कणही येता कामा नये.

तरी एकदा घोटाळा झालाच. दोघींनी एकाच दुकानातून घेतलेले एकसारखे स्टीलचे डबे आणले होते. दोन्हींवर नाव नव्हतं. अदलाबदल झाली, आणि एका घरच्या अळूच्या फतफत्यात जहाल कांदा-लसूण मसाला गेला. दुसऱ्या दिवशी गाळ्यात जे भांडण पेटलं, त्यापुढे माझा आवाज म्हणजे कुजबुज. "डबा माझाच आहे हो, मला माहीत आहे!" असं दोघीही सांगत होत्या. द्वारकानं दोघींना आपल्या पदरचा मसाला देऊन वाटेला लावलं आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर एक पाटी ठोकली.

'डब्यावर नाव लिहून आणावे. नाव नसल्यास मसाला आपला आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. आम्हांला सर्व डबे सारखेच दिसतात.'

त्या पाटीचे फोटो काढायला लोक येऊ लागले. मोडेन पण बिननावाचा डबा घेणार नाही, असा द्वारकाचा खाक्या होता. मलाही तो मनापासून पटायचा.

द्वारकाच्या बहिणीची मुलगी म्हणजे सोनाली. ती माझ्या समोरच लहानाची मोठी झाली. कॉमर्सची पदवी घेतली, एका ऑफिसात काही दिवस बसली आणि कंटाळून परत आली. "मावशी, तिथे सगळे एसीत बसून शिंकतात. त्यापेक्षा आपलं शिंकणं प्रामाणिक आहे," म्हणाली. नुसत्या माझ्या आवाजावरून मसाला झाला की नाही हे तिला कळतं. बाजारात तयार मसाल्याची पाकिटं आली, माझी रांग आटली, टाळेबंदीत तर माझ्या उखळात कोळ्यानं संसार थाटला. पण सोनालीनं मला घासूनपुसून उभं केलं. फोनवरून मागण्या घेतल्या, कोथरूड-हडपसरपर्यंत डबे पोचवले. त्या वर्षी खंडेनवमीला द्वारकानं मला झेंडूची माळ घातली, सोनालीचा हात माझ्या उखळावर ठेवला आणि जमलेल्या सगळ्यांना पेढे वाटत सांगितलं, "माझ्यामागे हे सगळं सोनूचं." सोसायटीत तिनं सोनालीला नॉमिनी म्हणूनही लावून टाकलं. झालं, काम संपलं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

मग एका ऐन चैत्रात, सगळी गर्दी असताना, द्वारका छातीला हात लावून माझ्या पायाशी बसली. सोनालीनं मोटार बंद केली आणि तिला दवाखान्यात नेलं. ती बरी होऊन आली, पण जरा वाकून चालू लागली. आणि मग इतक्या वर्षांत न फिरकलेले रावसाहेब डाळिंबांची पिशवी घेऊन गाळ्यात हजर झाले.

विचारपूस द्वारकाची करत होते, पण नजर छताच्या कोपऱ्यांवर फिरत होती. "तब्येतीला जपा, वहिनी. गाळा मोक्याचा हाय." मग सोनालीकडे वळून म्हणाले, "पोरी, लई चांगलं चालवलंस. फुडचं आमी बघू."

"पुढचं म्हणजे काय, काका?"

"म्हंजी वहिनींच्या माघारी. वकिलाला इचारलंय म्या. मूलबाळ न्हाई, नवरा न्हाई, मग ते नवऱ्याच्या मानसांकडं येतं. मी म्हनत न्हाई, कायदा म्हनतो."

द्वारका हसली. "माझ्या कष्टाचं आहे, भावजी. आणि नॉमिनी सोनू आहे."

"बगा मग," एवढंच म्हणून रावसाहेब गेले. डाळिंबं तेवढी चांगली निघाली.

दोन दिवसांनी अस्मिता वकील आपला गोडा मसाला करायला आल्या. या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, बोलायला तिरकस, मनानं चोख. द्वारकानं हसत हसत त्यांना रावसाहेबांची गंमत सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"द्वारकाबाई, दीर बरोबर बोलतायत."

"पण मी तर सोनूला नॉमिनी—"

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो नुसता सांभाळणारा. खरे वारस येईपर्यंत किल्ली त्याच्या हातात, एवढंच. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, आणि नवरा-मुलं नसली, तर तिच्या स्वतःच्या कमाईचंही आधी सासरकडे जातं. बहीण, भाची नंतर. पेढे कुणाला वाटले हे कायदा विचारत नाही." मग त्यांनी माझ्या डोक्यावरची पाटी मोठ्यानं वाचली. "बिननावाचा डबा आणला की तुम्ही लोकांना हाकलून देता. आणि स्वतःचा एवढा मोठा डबा आयुष्यभर बिननावाचा ठेवलात. वा!"

द्वारकाचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी ती हळूच म्हणाली, "मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातं म्हणतात."

"मी माझं पस्तिसाव्या वर्षी केलं. अजून तुमचं डोकं खायला येतेच आहे ना?"

सोनाली मात्र रडायला लागली. "मावशी, मला गाळाबिळा काही नको. असलं बोलू नकोस. मला तू हवीस."

द्वारकानं तिला जवळ घेतलं. "मी आहेच गं. पण एकदा मी एका अंगणातून पिशवी घेऊन निघाले, तेव्हा माझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं आणि हातात कागदही नव्हता. उद्या कुणी याच दारात उभं राहून तुला म्हणालं, तुझं इथं काय आहे, तर? ते मला वरूनही बघवणार नाही."

त्या आठवड्यातच सोनालीच्या नावे मृत्युपत्र झालं. गाळा तिच्या स्वकष्टाचा होता, त्यामुळे तो कुणाला द्यायचा हे ठरवायचा तिला पूर्ण अधिकार होता. बाई शुद्धीत आणि समजून सही करते आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं. साक्षीला डॉक्टर आणि शेजारचे शिंपी पोपटराव, कारण ज्याला मिळणार त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. मग सगळे निबंधकांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीही करून आले. परत आल्यावर द्वारकानं माझ्यापुढे खुर्ची टाकून ते मला वाचून दाखवलं. हो, मला! त्यात माझाही उल्लेख होता, मित्रांनो. 'लोखंडी कांडप यंत्र, चालू स्थितीत.' चालू स्थितीत! पुण्यातल्या किती मिक्सरांबद्दल असं कुणी लिहून ठेवलं आहे, सांगा बरं.

त्यानंतर द्वारका आणखी बरेच वैशाख जगली, अस्मिता वकिलांचं डोकं खाण्याइतकी खणखणीत. एका मार्गशीर्षात सकाळचा चहा घेऊन ती शांतपणे गेली. त्या दिवशी माझी मोटार कुणी लावली नाही. मला फार पोरकं वाटलं.

तेरावं झाल्यावर रावसाहेब आले. आता तेही थकले होते. दारात उभं राहून घसा साफ करत म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घिऊ नको, पन तुझं हितं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत सोनालीनं मृत्युपत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. ती घाबरली नाही, आवाजही चढवला नाही. "बसा, काका. सावकाश वाचा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. सहीवर बोट फिरवलं. "सही वहिनींचीच हाय," म्हणाले, आणि मग शेवटच्या ओळीपाशी थबकले. तिथे द्वारकानं लिहिलं होतं, 'माझे दीर रावसाहेब यांना दर वैशाखात एक डबा कांदा-लसूण मसाला घरचा म्हणून द्यावा. डबा त्यांनी आणावा.'

रावसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मिरचीनं असेल, असं मी समजून घेतलं, जरी त्या दिवशी मी बंदच होतो.

परवाच्या वैशाखात ते डबा घेऊन आले. चकचकीत, नवा कोरा. रांगेतून पुढे येऊन त्यांनी तो सोनालीपुढे धरला. सोनालीनं डबा फिरवून पाहिला आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

रावसाहेबांनी पाटी वाचली. मग शेजारच्या बाईकडून पेन मागून घेतलं, डब्याला कागदाची पट्टी चिकटवली आणि आपलं नाव लिहिलं. त्यांचा मसाला मी मनापासून कुटला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी पार दुसऱ्या मजल्यापर्यंत कपबशा हलल्या असतील.

मित्रांनो, मला दोन थेंब तेल मिळालं, पट्टा वेळेवर बदलला, की मी अजून पुष्कळ वर्षं कुटेन. माझी काळजी घ्यायला सोनाली आहे, आणि तिला इथून कुणी उठवू शकत नाही. तुमच्या घरातही कुणी तरी आयुष्यभर हात पोळून काही उभं केलं असेल. त्यांना संध्याकाळी जवळ बसवा आणि भीडभाड न ठेवता विचारा, "डब्यावर नाव लिहिलंय का?" ते रागावतील, शिंकतील, विषय बदलतील. तुम्ही पेन पुढे करून तिथेच बसून राहा.