लाल कंबरेची, पिवळी गुडघ्याची

एक होते शिंपीमास्तर, एक होती त्यांची बायको, एक होती सून, आणि शिलाई मशीनशेजारच्या फळीवर बसलेला मी, पत्र्याचा डबा. बोलतोय तो मीच.

जन्मलो बिस्किटांसाठी. ती संपली तशी माझ्यात बटणं आली. सुखाचे दिवस होते ते. बटणं कुणाच्या वाटेला जात नाहीत. मग मास्तरांची कंबर धरली, मागोमाग गुडघा कुरकुरायला लागला. बटणं गेली बरणीत, माझ्या पोटात आल्या गोळ्या.

मास्तरांची नजर रंगाची. ढीगभर रिळांतून कापडाला नेमका धागा काढतील. तोच न्याय त्यांनी गोळ्यांना लावला. लाल कंबरेची, पिवळी गुडघ्याची. दोन्ही दुखलं की दोन्ही. रक्तदाबाची पांढरी तेवढी डॉक्टरांनी दिलेली. लाल-पिवळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली, तिचा त्यांना पत्ताच नाही. बायको म्हणायची, विचारून तरी घ्या. तर म्हणे, एवढ्याशा गोळीसाठी डॉक्टरांचा उंबरा कशाला झिजवू?

पाण्याचं तर नावच नको. संडास जिना उतरून खाली. शाळेच्या गणवेशांची घाई आली की उठायला लागू नये म्हणून हे पाणीच पीत नसत. बायकोने भरून ठेवलेली बाटली संध्याकाळी होती तशी.

एके दिवशी चप्पल पायात जाईना. मास्तर म्हणाले, "चप्पल आटली."

"बाबा, कापड आटतं," सून म्हणाली. "पाय सुजलेत तुमचे."

लघवी कमी होतेय, हेही मग तिने खोदून खोदून काढून घेतलं. वाद घातला नाही. मला काखेत मारलं, सासऱ्यांना पुढे घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मला टेबलावर उपडं केलं. लाल-पिवळी शेजारी शेजारी धरली. "मास्तर, औषध एकच आहे. रंग तेवढा वेगळा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे एकाच ताग्याचं कापड मी दोन म्हणून घेतलं?"

"आणि दोन्ही स्वतःच्याच अंगावर चढवलंत."

रक्त तपासलं, तर मूत्रपिंडं थकलेली. डॉक्टरांनी समजावलं, की या दुखण्यावरच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. त्यात रक्तदाबाचं औषध आणि वर पाण्याचा उपास. असंच चाललं तर मूत्रपिंडं कायमची बसतील. लाल-पिवळी आजपासून बंद. पांढरी आपल्या मनाने सोडायची नाही. पाणी किती प्यायचं, ते डॉक्टरच सांगणार.

पुन्हा रक्त तपासेपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. कंबरेला शेक, मध्ये मध्ये उठून चालणं. आता मास्तर संडासला निघाले की बायको कौतुकाने बघायची, बाळ पहिलं पाऊल टाकतंय असं. मास्तर ओशाळून म्हणायचे, "अगं, वाट तरी सोड."

माझ्यात आता फक्त पांढरी असते. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेलच. त्यात नवी गोळी टाकण्याआधी डॉक्टरांना नाहीतर औषधवाल्याला विचारा, आणि आधी काय काय घेता तेही सांगा. आम्हा डब्यांना काय, टाकाल ते पोटात ठेवतो.

दुसऱ्या तपासणीत मूत्रपिंडं सावरलेली निघाली. घरी येताच मास्तर मशीनवर बसले आणि सुनेला म्हणाले, "तुझ्या ड्रेसचं कापड आण."

गिऱ्हाइकांच्या कपड्यांपुढे तिच्या लग्नापासून पडून होतं ते. चार दिवसांत शिवून झालं. शिंप्याच्या घरात याहून मोठं भाग्य ते कोणतं?