दोघांनी एकदम

दिवाणाखाली पालथा पडून तो वायरचा गुंता सोडवत होता. बायको टेबलाशी लॅपटॉपसमोर बसून होती.

“आता बघ.”

“तेच. उलट स्पीड मघापेक्षा कमी.”

दुसऱ्यांच्या ऑफिसांतली नेटवर्क दुरुस्त करून तो पोट भरायचा, आणि स्वतःच्या घरात फायली मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हॉलच्या फळीवर घरातल्या सगळ्या फोटोंचा, व्हिडिओंचा साठा असलेली छोटी पेटी होती. घरात तिला ‘डबा’च म्हणत. त्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं आणि डबा आईअण्णांसाठी इथेच सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. रविवारी सामानाची गाडी येणार होती. परगावची नोकरी, भाड्याचं घर, मुलीची शाळा, सगळं पक्कं झालं होतं. आईअण्णांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

“कॉपी झाली की सांगतो,” तो दिवाणाखालूनच म्हणाला.

“आधी म्हणालास, घर मिळालं की सांगतो. मग म्हणालास, शाळेचं होऊ दे. आता कॉपी. तुझं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं.”

त्याने वायर बदलली. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉपवरचे नको ते प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. आकडा जागचा हलला नाही. शेवटी तो डब्याच्या सेटिंगमध्ये शिरला. गिऱ्हाइकाकडे तो हे सगळ्यात आधी बघायचा. पण घरात डब्यातून दुसरं कोण काही ओढणार, म्हणून सुचलंच नव्हतं.

डब्याला दोन कॉम्प्युटर जोडलेले होते. एक त्याचा लॅपटॉप. दुसरा मागच्या खोलीतला, अण्णांचा. दुपारी या वेळी अण्णा झोपलेले असत.

तो मागच्या खोलीत गेला. अण्णा झोपले नव्हते. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याला नाक लावून बसले होते. टेबलावर नवीकोरी हार्ड डिस्क होती, खोकं अजून बाजूलाच. पडद्यावर नात पडलेला दात दाखवत हसत होती. आवाज बंद होता.

“अण्णा, काय करताय?”

“उतरवून घेतोय. एक फाईल आली की शेवटपर्यंत बघतो. नीट आली की मगच दुसरी.”

“अहो, अशाने वर्ष जाईल.”

“मला कुठे जायचंय?” अण्णा म्हणाले.

तो पलंगाच्या कडेवर टेकला. डब्यातली डिस्क जुनी. दोघांनी एकदम मागितलं की ती एका सुनेला दोन सासवा असल्यासारखी होते, धड याचं होत नाही, धड त्याचं. हे तो अण्णांना समजावून सांगू लागला, आणि मध्येच थांबला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? परवा तू कपाट मोजलंस. मग दार मोजलंस. कपाट दारातून बाहेर काढायचं असलं की माणूस दार मोजतो.” अण्णांनी चष्मा खाली ओढला. “डबा तू आणलेला. तुझ्याबरोबर जाणार. म्हटलं, पोरीचं तेवढं तरी राहू दे.”

“डबा इथेच ठेवणार होतो, अण्णा. म्हणून तर मी कॉपी करत होतो.”

“मग सांगायचं ना, बाबा.”

त्याला फार वाईट वाटलं. अण्णांनी विचारलं,

“कधी?”

“रविवारी.”

अण्णांनी मान हलवली. माऊसवर हात ठेवून त्यांनी बाण हळूहळू कोपऱ्यात नेला आणि नातीचा व्हिडिओ बंद केला. मग कॉपीही थांबवली.

“अण्णा, राहू द्या. तुमचं होऊ दे आधी.”

“डबा राहतोय ना? मग मला घाई कसली.”

हॉलमधून बायकोची हाक आली.

“अरे, सुटलं एकदम! काय केलंस?”

तो पलंगावरून उठला.

“सांग, वायर सैल होती,” अण्णा म्हणाले. हार्ड डिस्क त्यांनी परत खोक्यात ठेवली. “आणि स्वयंपाकघरात जा. आईला अजून काही माहीत नाही.”