सुखरूप पराभव

अथेन्समध्ये नाटकाचा खर्च कोणत्या श्रीमंताने करायचा हे नगर ठरवतं. श्रीमंताने फक्त नाइलाज झाल्यासारखा चेहरा करायचा असतो. कालिफोनला तेवढंही जमलं नाही. नेमणूक होताच त्याने वृंदातल्या पंधराही गायकांना रोज वाम माशाचं जेवण सुरू केलं आणि पहिलं बक्षीस आपलंच, असं बाजारभर सांगून टाकलं. उत्सवात मिरवायला जांभळं वस्त्र रंगवून घेतलं. ठाणातलं उरलेलं कापड राजाचं काम करणाऱ्या नटाला दिलं. चूक झाली ती इथे.

राजा रंगमंचावर आला तशी हजारो माणसांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पुढच्या ओळीतल्या कालिफोनकडे. काठसुद्धा तोच होता.

"देवांनी मला विचारून करावं," राजा गरजला.

मागे बसलेला शेजारी, फिल्तोन कुंभार, पुढे वाकला. "कालिफोनराव, हे वाक्य तुमचं का?"

"गप बस."

"नाही, परवा न्हाव्याकडे असंच काहीतरी म्हणत होतात."

मग राजाचा मुलगा गेला, राज्य गेलं. माणसाने माजू नये, असं वृंदाने लोकांकडे तोंड करून गायलं. वाम खाऊन आवाज काय खणखणीत लागले होते! लोक रडत होते आणि डोळे पुसता पुसता पुढच्या ओळीकडे बघत होते.

"आता बक्षीसही मिळालं," फिल्तोन म्हणाला, "तर पुढच्या हिवाळ्यात खापरीवर कुणाचं नाव कोरायचं, हा प्रश्न मिटला. फुटकी मडकी माझ्याकडे भरपूर आहेत."

डोईजड झालेल्या माणसाला घालवायला नगर खापऱ्यांवर मत घेई: ज्याचं नाव सर्वाधिक खापऱ्यांवर, तो दहा वर्षं हद्दपार. जन्मात पहिल्यांदा कालिफोनने हरण्यासाठी देवाला बोकड कबूल केला.

दहा परीक्षकांच्या मतांच्या पाट्या हंडीत पडल्या. त्यातल्या पाचच काढायच्या, उरलेल्यांचं काय ते देव जाणे. पहिली कालिफोनच्या बाजूने. दुसरीही. त्याला घाम फुटला. तिसरी, चौथी आणि पाचवी मात्र स्पर्धेतल्या दुसऱ्या, पलीकडे बसलेल्या तेलवाल्याच्या नाटकाला गेल्या.

कालिफोनने एवढा लांब श्वास सोडला की लोकांना तो हुंदका वाटला. कुणी पाठ थोपटली, कुणी भाजलेले चणे पुढे केले. हरलेल्या माणसावर अथेन्स फार जीव टाकतं.

"वाईट झालं हो," फिल्तोन म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला.

कालिफोनने चेहरा पडलेलाच ठेवला. पाय मात्र पिसासारखे हलके झाले होते. "एका पाटीने गेलं," तो म्हणाला. मग, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून, जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला.