मावशीचे सहा सेकंद

पक्षाच्या प्रचार कार्यालयात एडिटरला सगळे 'जादूगार' म्हणत. सभेला शंभर माणसं आली तरी पडद्यावर तो हजार दाखवी. चेहऱ्यांचा साठाच होता त्याच्याकडे: हसणारे, टाळ्या पिटणारे, रडणारे. चेहरा साठ्यात टाकताना आवाज पुसून टाकायचा, ही त्याची पद्धत. माणूस काय बोलत होता ते कुणाला हवंय? वर संगीत आणि साहेबांचं भाषण चढवलं की काम फत्ते.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा साहेब म्हणाले, "लोकांचं आपल्यावरचं प्रेम दिसलं पाहिजे." त्याने साठ्यातलं सगळ्यात खरं रडू काढलं. सहा सेकंद. पांढऱ्या केसांची बाई, साहेबांपुढे पसरलेला हात, डोळ्यांतून धारा.

ती त्याची सख्खी मावशी होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला आग लागली, तिचा मुलगा आतच जळून मेला आणि साहेब फाटकापाशी भेटीला आले, तेव्हा हा एका चॅनेलचा कॅमेरा घेऊन तिथेच उभा होता. सहा सेकंदांत कोण ओळखतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. कोण ओळखतंय म्हणे! फाटकासमोरच्या बाकावर चौकशीची मागणी करत रोज तिच्याशेजारी बसणाऱ्या बायका काय आंधळ्या होत्या?

जाहिरात लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मावशी त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाकावरची माझी जागा गेली रे," ती म्हणाली. "कुणी सरकत नाही. म्हणतात, साहेबांना विकली गेलीस."

"मावशी, आज काढून टाकतो."

"काढून काय उपयोग? सगळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा मी काय बोलत होते ते त्यांना ऐकव."

ती काय बोलत होती ते त्याला चांगलं आठवत होतं. कॅमेऱ्यामागे तोही रडला होता.

"आवाज नाही गं. मीच पुसला."

"आणि चॅनेलवाल्यांकडे?"

"ते चॅनेल आता साहेबांचंच आहे."

मावशी खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू आणि माझा पोरगा एका ताटात जेवलात," एवढंच म्हणाली. मग, "तू ऐकलं होतंस ना? मग तू चल. त्यांना सांग."

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"जाईल," ती म्हणाली आणि उठून चालू लागली.

पलीकडच्या खोलीत त्याचीच जाहिरात चालू होती, कुणीतरी वाहवा करत होतं. तो तसाच तिच्या मागे निघाला.

फाटकासमोर सहा बायका बसल्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द कापले, जोडले. स्वतः चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"जाहिरात मी केली," तो म्हणाला. "मावशी त्या दिवशी साहेबांपुढे गयावया करत नव्हती. ती विचारत होती, 'आतून पोरं दार बडवत होती. बाहेरून कुलूप लावायला कुणी सांगितलं?' आणि साहेब काही न बोलता गाडीत बसले. हा आवाज मी पुसला."

सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मावशी आपल्या जागेवर बसली. त्याला कुणी बस म्हटलं नाही.