गॉब्लिनांची बोली

शंकर नगरातल्या आपल्या घरी पराग दर रविवारी मित्रांना गोष्टीचा खेळ खेळवायचा. तो गोष्ट सांगणार, सुशील आणि निधी त्यातले शूरवीर होणार, निकाल फाशांवर. सगळं हिंदीत. परागला मराठी कळायची, पण आईच्या मराठीलाही साहेब हिंदीतच उत्तर द्यायचे.

त्या रविवारी शूरवीर गॉब्लिनांच्या वस्तीत शिरले. गॉब्लिन म्हणजे हिरवी, ठेंगणी जमात, परागने समजावलं. गुहेत राहते, चोरीवर जगते, थोरापुढे लोटांगण घालते आणि लहानाला बदडते. अक्कल बेताचीच. आता असल्या जमातीच्या तोंडी भाषा कोणती घालावी? त्याने फार डोकं चालवलं नाही. घरात होती तीच घातली.

"मले मारू नका जी," गॉब्लिनांचा सरदार नाकातून बोलला. "कोंबडी चोरून नाही राहिलो, तिले फिरवून राहिलो."

सुशील हसता हसता खुर्चीवरून घसरला. निधी म्हणाली, "एक बार और, भैया." मग काय, परागला चेव आला. त्याने सरदाराची बायको आणली. तिला आईचा सूर दिला, आईचं "अवो बाप्पा" दिलं, तोंडाशी पदर धरणंही दिलं.

त्याची आई, प्रेमलाबाई, चिवडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या लग्न होऊन वर्ध्याहून या हिंदी मुलखात आलेल्या. नवरा गेल्यापासून त्यांची बोली ऐकणारा घरात एकटा पराग उरला होता. पाहुणे हसत होते म्हणून त्याही हसल्या, आणि ताटली ठेवून आत गेल्या.

परागचे कान तापले. आपण काय केलं हे त्याला कळलं. तरी खेळ थांबवायची हिंमत झाली नाही. सुशीलने सरदारणीला तलवारीने मारलं, ते त्याने मारू दिलं.

मित्र गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. प्रेमलाबाई कणीक मळत होत्या.

"बेटा, रोटी अभी बना दूँ?" त्यांनी विचारलं.

आई त्याच्याशी हिंदीत कधीच बोलली नव्हती. दूधवाल्याशी बोलायची तशी, शब्द जपून बोलली. परागला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, मले माफ कर," तो म्हणाला. आवाज नाकातूनच आला. ही बोली दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायची त्याला सवयच नव्हती.

प्रेमलाबाईंनी कणकेला तेलाचा हात लावला.

"माफी काहे की, बेटा," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्हारे दोस्त लोग आते हैं, तुमको शरम लगती होगी. अब से हम ऐसा ही बोलेंगे."