फ्लॅश पेटत नाही

दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून ती मागच्या टेबलाशी बसली आणि नवऱ्याचा फ्लॅश तिने पुढ्यात घेतला. गेले दोन महिने या एवढ्याशा डबीने दोघांच्या नाकी नऊ आणले होते. मनात आलं तर लखकन पेटायची, नाहीतर रुसून बसायची. परवा एका मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभात तर कहरच झाला. बाई विद्यार्थिनींच्या गळ्यात पडून रडल्या आणि फोटोत आल्या नुसत्या सावल्या. बाई भल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर नवऱ्याला जरा बरं तरी वाटलं असतं. त्या दिवशी तो न जेवताच झोपला. आता रविवारी लग्नाचं काम होतं, आणि फ्लॅशची खात्री झाली नाही तर तो ते सोडणार होता. ते सोडलं की पुढची आपोआप सुटतात, हे दोघांनाही कळत होतं.

त्यांच्यातली वाटणी पहिल्यापासून ठरलेली. फोटो त्याने काढायचे, बिघडलेलं तिने बघायचं. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या शेजारी बसून ती हे शिकली होती. पण कामावरच्या कॅमेऱ्याला तो कुणाला बोट लावू देत नसे. लग्न होऊन ती आली तेव्हा सासूबाईंनीच बजावलं होतं, की एक वेळ त्याच्या ताटातलं उचल, पण कॅमेरा उचलू नकोस. आणि काल त्यानेच कॅमेरा आणि फ्लॅश, दोन्ही तिच्यापुढे आणून ठेवले. "तूच लाव आणि तूच बघ," एवढंच म्हणाला. तिला नवल वाटलं, पण काम दिसलं की तिला बाकी काही सुचत नाही.

तिने नव्या बॅटऱ्या घातल्या. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी खाच असते, तिच्यातले आणि फ्लॅशच्या तळाचे, वीज जोडणारे धातूचे बारीक ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. फ्लॅश खाचेत सरकवला, त्याच्या तळाशी असलेली दातेरी चकती फिरवून घट्ट आवळला आणि बटण दाबलं. पेटला. उभा धरला, पेटला. आडवा धरून हलवला, तरी पेटला. जुन्या कॅमेऱ्यावर चढवला, तिथेही पेटला. एवढा शहाण्यासारखा वागणारा फ्लॅश तिने बघितला नव्हता, आणि तिला त्याचा रागच आला. बाहेर काउंटरवर नवरा पाठमोरा बसला होता. भिंतीवर उजेड पडला की त्याची मान जराशी खाली जायची.

वडिलांचा एक नियम होता. बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्क्रू काढायचा नाही.

"अहो, जरा आत या," तिने हाक मारली. "तुम्ही लावा. मी बघते."

तो उठून आला. का कोण जाणे, पण जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने नेहमीच्या सवयीने फ्लॅश खाचेत सरकवला. ती या वेळी फ्लॅशकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत होती. अंगठा चकतीवर गेला, चकतीवरून फिरला आणि खाली आला. चकती जागची हलली नाही. त्याने मात्र फ्लॅश घट्ट बसल्यासारखी मान हलवली आणि बटण दाबलं. पेटला. कॅमेरा उभा केला, पुन्हा दाबलं. काही नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला.

तिने बघितलं होतं. तिने एका बोटाने फ्लॅशला ढकललं, तो अलगद मागे सरकला. त्याने शर्ट सोडून बिनबटणांचे टी-शर्ट का धरले, परवा चहाचा कप हातून कसा सुटला, सगळं तिला एकदम समजलं. फ्लॅश खरंच जळलेला असता तर किती बरं झालं असतं. गेला म्हणून सांगावं आणि विषय मिटवावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण नवा आणला असता तरी तो याच हातांनी चढणार होता. आणि खोटा बिघाड तिने आजवर परक्या गिऱ्हाइकालाही सांगितला नव्हता.

"फ्लॅश चांगला आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडून आवळला जात नाहीये."

तो स्टुलावर बसला. चिडला नाही, वाद घातला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "म्हणून तुला लावायला सांगितलं. तुझ्या हातात एकदा तरी चुकेल, अशी आशा होती गं."

"कधीपासून?"

"बोटं जरा बधिर वाटतात. थंडीने असेल म्हटलं. एवढं काही नाही. अंगठा तर चांगला आहे."

"बघू."

"आता काय, मलाही उघडून तपासणार?"

"हो. डोळे मिटा."

तो हसला, पण त्याने डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या मांडीवर घेतला. कितीएक लग्नांत त्याने कितीएक माणसांना याच हाताने खुणा करून हसवलं होतं. तिने फ्लॅश उचलला, चकतीचे दाते त्याच्या अंगठ्यावर टेकवले आणि दाब दिला. मग आणखी दिला. अंगठ्याच्या पेरावर दात्यांचे वळ उमटले.

तो डोळे मिटून शांत बसला होता, लहान मुलासारखा तोंडावर थोडं हसू घेऊन.

"अगं, दाब ना," तो म्हणाला. "कशाची वाट बघतेयस?"