हुंकार कोणाचा

आयशाचाचीने कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढेना.

"चाची, हात काढाल तर मी काहीतरी करीन ना?"

"सांभाल रे हैबती. येवढाच ऱ्हायलाय तो."

तो म्हणजे मुसैब, तिचा एकुलता एक. सौदीत इमारतीच्या परांचीवरून पडला आणि तिकडेच पुरला. हिला मातीसुद्धा बघायला मिळाली नाही. बरोबर सून उझ्मा आली होती, मुसैबची बायको. ती दुकानाच्या पायरीवरच बसली. पोलादपूरच्या स्टँडमागे माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिथे सगळे आत येतात, चहासुद्धा मागतात. ही मात्र रस्त्याकडे तोंड करून बसली.

आमच्या बाजूला तेव्हा आखातातली ख्यालीखुशाली कॅसेटवर चालायची. पोरगा तिकडून बोलून पाठवायचा. घरच्यांनी ती ऐकायची, रडायचं, आणि त्याच कॅसेटवर जबाब भरून परत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. कॅसेट तीच, फिरत राहायची. नवं बोलणं जुन्यावर चढायचं. जुनं कधी लागेल, असं कोणाच्या बापाला वाटलं होतं?

मुसैबच्या शेवटच्या कॅसेटवर चाचीने असाच जबाब भरला. नेणारा माणूस निघायच्या आधीच खबर आली. म्हणजे कॅसेटवर आता दोन्ही बाजूंना चाचीच. पण चाचीचं म्हणणं, मधे मधे मुसैब हुंकार देतो.

"लहानपनापासून सवय व्हती त्याला," ती म्हणाली. "मी बोलत ऱ्हायचं नि यानं हं हं करायचा. नाय केला तर मी बोलना थांबवायची. तू लाव, ऐक."

त्यांनी बरोबर आणलेल्या चाचीच्याच टेपवर मी लावली. चाचीचा आवाज आला, "जेवतोस ना येलेवर?" मग गॅप. त्या गॅपमध्ये किर्र किर्र, आणि किर्रच्या खाली खरंच कोणीतरी "हं" म्हणालं. देवाशप्पथ सांगतो, अंगावर काटा आला.

ही किरकिर माझीच देणगी होती. चाचीच्या गावात दिवे लागले की व्होल्टेज एवढं पडतं की टेप रडत रडत चालते. म्हणून मी तिच्या टेपमधला जळका ट्रान्सफॉर्मर काढून भंगारातल्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा स्विचिंग सप्लाय बसवला होता. व्होल्टेज पडलं तरी तो दमत नाही. पण त्याला पोटभर काम लागतं. एवढ्याशा टेपचं काम त्याला पुरत नाही, मग तो धाप टाकल्यासारखा थांबत थांबत चालतो आणि ती धाप स्पीकरमध्ये उतरते.

आणि तो हुंकार अशक्य नव्हता. चाचीची टेप स्वस्तातली, जुनं नीट पुसायची नाही. खाली मुसैब उरला असेलही. मी म्हटलं, "चाची, मला जरा सवड द्या. ही किरकिर घालवतो. मग काय ते स्वच्छ ऐका."

चाची पाणी प्यायला आत गेली तशी उझ्मा पायरीवरून उठली.

"हैबतीदादा, कशाला तिला आशा लावता? ती जेवत नाय, कोनाशी बोलत नाय. दिवसभर त्या टेपला कान लावून बसते."

"म्हणूनच करतोय ना! एकदा सोक्षमोक्ष लागू दे."

"मी त्याची बायको. मला कसा नाय ऐकू येत तो?" तिचा आवाज फाटला. "तो नसला तर काय करनार? तिला ऐकवू नका. हात जोडते."

मी तिच्यावर खेकसलो. खरं म्हणजे मलाच तो हुंकार ऐकायचा होता. मुसैब माझ्या दुकानात बसून स्पीकरच्या पेट्या ठोकायचा, चांगला कान होता त्याला.

मग मी बिनकिरकिरीचा सप्लाय शोधायला लागलो. महाडच्या भंगारवाल्याकडे कारखान्यांतला माल यायचा. मी बरोबर खिशातला रेडिओ नेला. सप्लायला एक बल्ब लावायचा, म्हणजे त्याला काम मिळतं, आणि स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून रेडिओ जवळ धरायचा. जो सप्लाय घाण करतो तो रेडिओत लगेच बोंबलतो. मग बल्ब काढून छोटा लावायचा, कारण काम कमी झालं की खरी लक्षणं कळतात. सीडी प्लेअरमधला बोंबलला. प्रिंटरचा मोठ्या बल्बवर साधू, छोट्यावर किरकिऱ्या. शेवटी लॅबमधल्या कसल्याशा वजनकाट्याचा, पत्र्याच्या डबीतला एक सापडला. दोन्ही बल्बांवर रेडिओ गप्प. मी भंगारवाल्यासमोर टाळी वाजवली. तो म्हणाला, "येड लागलाय काय?"

तो बसवला, बाहेरच्या तारेला फिल्टर लावला, आणि निरोप धाडला. दोघी आल्या. चाचीने चांगली ओढणी घेतली होती, पोराला भेटायला निघाल्यासारखी. उझ्मा या वेळी आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी बटण दाबलं. काय सांगू, अशी शांतता त्या टेपमधून कधी आलीच नव्हती. चाचीच्या गावचा कोंबडा ऐकू आला. तिचा श्वास ऐकू आला.

"जेवतोस ना येलेवर?"

बांगड्या किणकिणल्या. आणि मग "हं." स्वच्छ, अगदी कानाशी. बाईचा आवाज. त्याच गळ्यातला.

"पाय दुखतो का रं अजून?" परत बांगड्या. "हं."

उझ्माने तोंडात पदर कोंबला. मी बटणाकडे हात नेला तर चाचीने माझं मनगट धरलं. सगळी बाजू तिने ऐकली. विचारणारी तीच, हुंकार देणारीही तीच. पोराच्या वाटचं ती स्वतःच बोलून गेली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"ही तर मीच," चाची म्हणाली.

"चाची, अहो, कॅसेटमध्ये असं होतं कधी कधी..." मी काहीतरी बरळलो.

"जुना बसव."

"काय?"

"किरकिऱ्या. तो बसव. त्याच्यात व्हता तो."

मी डबी काढली आणि जुना सप्लाय जोडला. सोल्डर दोनदा सांडलं. चुलीत गेली माझी शांतता! किर्र सुरू झालं. "जेवतोस ना येलेवर?" किर्रच्या आडून "हं" आलं. चाची कान लावून बसली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं.

"आता त्याच्यातपन मीच हाय," ती म्हणाली.

टेप फिरतच होती. टेपमधल्या चाचीने पुढचं विचारलं, "घरची याद येते का?" आणि हुंकार यायच्या आधीच भिंतीजवळून उझ्मा म्हणाली, "हं."

"तू गप!" चाची ओरडली. मग तिने उझ्माचं तोंड बघितलं. स्वतः उठली, टेप बंद केली, कॅसेट काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. या वेळी हात लगेच काढला.

"न्या ना चाची," मी म्हटलं.

"ऱ्हाव दे. कोनाला जबाब धाडायचा असंल तर दे. भरू दे तिच्यावर."

आणि उझ्माचा हात धरून ती पायरी उतरली.